साखर उतरली, पण कुणी मोजली?

संकष्टीची रात्र होती. चंद्रोदयाला अजून तासभर होता आणि नानामामा डहाणूकर कॉलनीतल्या घराच्या गॅलरीत उभे राहून मामींना सांगत होते, "अगं, आलाय की वर. दोन दोन दिसतायत." मामींनी आधी आकाशाकडे पाहिलं, मग मामांच्या सदऱ्याकडे. पाठ ओलीचिंब झाली होती. त्यांनी काही न बोलता मामांना खुर्चीत बसवलं आणि घोटाघोटानं साखरेचं पाणी पाजलं. मामा भानावर आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "उपास मोडलास ना माझा?" मग बोटाला सुई टोचून पाहिलं, तर ग्लुकोमीटरवर ६२. तेही साखर पोटात जाऊन पंधरा मिनिटं झाल्यावर.

मामा ७६ वर्षांचे, मधुमेही. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड असलेली गोळी आणि रात्री इन्सुलिन. संकष्टीला नाश्ता नसतो, गोळी मात्र इमानेइतबारे घेतलेली असते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात काही पडलंय की नाही हे ती विचारत नाही.

त्यानंतर आठवड्याभरात मामेभावानं बंगळुरूहून एक जाहिरात पाठवली. दंडावर चिकटवायचा, साखर मोजत राहणारा सेन्सर, त्याखाली मोठ्या अक्षरांत 'हायपो सुमारे ४० टक्क्यांनी कमी' (हायपो म्हणजे रक्तातली साखर फार खाली उतरणं), आणि खाली त्याचा प्रश्न: "ताई, तू हेच वाचत असतेस ना? म्हणजे बाबांना वर्षात पाच वेळा असं होणार असेल तर आता तीनदाच होईल, बरोबर?"

मी पोटापाण्यासाठी औषधांच्या चाचण्यांची माहितीपत्रकं आणि रुग्णांच्या नोंदवह्या मराठीत आणते. पुण्यात या कामाला तोटा नाही. त्यामुळे 'हायपो' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा डोळ्यांखालून जातो. भावाला उत्तर द्यायला बसले आणि लक्षात आलं, 'नाही' एवढं लिहून भागणार नाही.

एकच शब्द, तीन वेगळ्या गोष्टी

आज जगभर पाळली जाणारी विभागणी अशी आहे. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली पण ५४ किंवा त्याहून वर असेल, तर ती पहिली पातळी. म्हणजे सावध व्हा, काहीतरी खा. ५४ च्या खाली गेली की दुसरी पातळी, आणि तिथे लगेच उपाय हवा, कारण मेंदूला इंधन कमी पडायला लागलेलं असतं. तिसरी पातळी म्हणजे गंभीर हायपो. तिची व्याख्या वाचली की नवखा माणूस बुचकळ्यात पडतो, कारण तिच्यात आकडाच नाही. माणसाची शुद्ध, समज किंवा हालचाल इतकी बिघडली की सावरायला दुसऱ्याची मदत लागली, झालं. मीटरवर किती होतं हा प्रश्न मागाहून.

माझ्या एका जुन्या मसुद्यात मी याचं 'तीव्र रक्तशर्करान्यूनता' असं भाषांतर केलं होतं. ते वाचून रुग्ण सोडाच, मलाच घाम फुटला. पुढे मी सरळ लिहायला लागले: 'साखर इतकी उतरली की दुसऱ्या कुणीतरी तुम्हाला भरवावं, पाजावं किंवा इंजेक्शन द्यावं लागलं'. लांबलचक आहे, पण वाचणाऱ्याला आपल्या घरातली रात्र आठवते. मामींनी पेला ओठांना लावला तेव्हा मामांची ती रात्र तिसऱ्या पातळीत गेली.

जाता जाता, ५४ हा विचित्र आकडा कुठून आला हे अनेकजण विचारतात. ब्रिटनसारख्या काही देशांत साखर मिलिमोल या वेगळ्या एककात मोजतात आणि तिथला ३ हा गोल आकडा आपल्याकडे १८ नं गुणला की ५४ होतो. ३.९ गुणिले १८ म्हणजे ७०. गूढ काही नाही.

तर एकीकडे झोपेत दोन तास साखर ६५ वर राहिली, कुणाला कळलंही नाही, सकाळी माणूस उठून चहा प्यायला: हाही हायपो. दुसरीकडे गॅलरीत दोन चंद्र: हाही हायपो. अभ्यासात 'हायपो कमी झाले' असं वाक्य आलं की माझा पहिला प्रश्न असतो, यांतला कुठला?

सेन्सर नव्हते तेव्हा

१९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. डीसीसीटी म्हणून ती ओळखली जाते. टाइप १ मधुमेहाचे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे १,४४१ जण, निम्म्यांना तेव्हाची नेहमीची ट्रीटमेंट, निम्म्यांना कडक नियंत्रण. कडक नियंत्रणानं डोळे, किडनी आणि नसा वाचतात हे तिनं पक्कं केलं. आजही डॉक्टर 'तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या आसपास आणा' म्हणतात, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. पण त्याची किंमतही तिनेच दाखवली. शंभर माणसं वर्षभर पाहिली तर नेहमीच्या गटात गंभीर हायपोच्या १९ घटना, कडक गटात ६२. तिपटीहून जास्त.

पुढे २००८ मध्ये टाइप २ च्या, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरं पडत नाही अशा, दहा हजारांहून जास्त लोकांवरची अ‍ॅकॉर्ड नावाची चाचणी आली. तिच्यात तीन महिन्यांची शुगर ६ च्या खाली आणायला निघालेल्या गटात मृत्यू जास्त दिसले आणि तो भाग वेळेआधी थांबवावा लागला. गंभीर हायपोही त्याच गटात जास्त होते. मृत्यू हायपोमुळेच झाले असं त्यावरून सिद्ध होत नाही, तसं म्हणायचा मोह मात्र अनेकांना होतो. पण वयस्कर माणसाची साखर ओढून ताणून खाली आणू नये, ही सावधगिरी त्यानंतर रुजली.

या चाचण्यांमध्ये हायपो मोजायचे कसे, तर लोक सांगतील त्यावरून. 'मागच्या भेटीनंतर कधी बेशुद्ध पडलात? कुणी मदत केली?' यात मोठ्या घटना सापडतात, कारण अ‍ॅम्ब्युलन्स कुणी विसरत नाही. लहान घटना गळून जातात. झोपेतल्या तर सगळ्याच. आणि तीन महिन्यांची शुगर इथे काही कामाची नाही, कारण ती सरासरी आहे. पुण्यातल्या रस्त्याची सरासरी उंची काढली तर खड्डा कुठेच दिसणार नाही, तसंच. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. एकाची दिवसभर १३० ते १८० मध्ये फिरणारी साखर तिथे येते आणि दुसऱ्याची दुपारी ३०० व पहाटे ५० होणारीही.

मिनिटं मोजणारं यंत्र

सेन्सर हे चित्र बदलतो. कातडीखाली एक केसासारखी बारीक तार जाते आणि ती दर काही मिनिटांनी साखर मोजते. दर पाच मिनिटांनी मोजली तर दिवसाला २८८ वेळा. बोट टोचून कुणी चार वेळा बघितलं तरी आपण त्याला शिस्तीचा म्हणतो.

ही तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते. रक्तातली साखर आधी हलते, या द्रवातली पाच-दहा मिनिटांनी. गच्चीवरची टाकी रिकामी झाली तरी नळाला थोडा वेळ पाणी येत राहतं, तसं. साखर वेगानं उतरत असेल तेव्हा सेन्सर थोडा मागे असतो. म्हणून अंगाला घाम आणि सेन्सरवर ८० असं दिसलं तर अंगावर विश्वास ठेवायचा आणि बोट टोचायचं.

यंत्र आल्यावर संशोधकांच्या हातात नवं माप आलं: दिवसातला किती वेळ साखर ७० च्या खाली होती. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून त्याची उद्दिष्टं ठरवली. बहुतेक प्रौढांसाठी ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांपेक्षा कमी, ५४ च्या खालचा १ टक्क्यापेक्षा कमी. दिवसाची मिनिटं १,४४०, तेव्हा ४ टक्के म्हणजे तासाला थोडं कमी आणि १ टक्का म्हणजे चौदा-पंधरा मिनिटं. वयस्कर आणि नाजूक माणसांसाठी दोर आणखी आवळलाय: ७० च्या खालचा वेळच १ टक्क्याच्या आत हवा. बदल्यात वरच्या बाजूला सैल सोडलंय. ७० ते १८० मध्ये निम्म्याहून जास्त वेळ असला तरी चालतं, जिथे बाकीच्यांना ७० टक्के लागतात.

आणि एक गंमत. मधुमेह नसलेल्या धडधाकट लोकांना सेन्सर लावून पाहिलं, तर त्यांचीही साखर ७० च्या खाली दिवसातून साधारण पंधरा मिनिटं दिसली. आजकाल मधुमेह नसतानाही हौसेनं सेन्सर लावणारी मंडळी भेटतात. त्यांनी पहाटेचा ६७ पाहून घाबरायचं कारण नाही.

४० टक्के कशाचे?

भावाच्या जाहिरातीत अभ्यासाचं नाव नव्हतं. पण असा आकडा पाहिला की मला २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली इम्पॅक्ट ही युरोपातली चाचणी आठवते. टाइप १ चे २४१ जण, निम्म्यांना दंडावरचा सेन्सर, ज्याच्यावरून वाचक-यंत्र फिरवलं की आकडा दिसतो, निम्म्यांना बोट टोचणं. सहा महिन्यांनी सेन्सरच्या गटाचा ७० च्या खालचा वेळ दिवसाला ३.३८ तासांवरून २.०३ तासांवर आला. दुसऱ्या गटाचा ३.४४ वरून ३.२७. फरक काढला तर ३८ टक्के घट. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. पण मोजलंय काय, तर तास. कितीजण पडले, कितीजणांना दुसऱ्यानं पाणी पाजलं, हे त्या आकड्यात नाही.

शिवाय या चाचणीत घेतलं कुणाला? ज्यांची तीन महिन्यांची शुगर आधीच ७.५ किंवा त्याखाली होती, म्हणजे नियंत्रण घट्ट असलेले लोक. आणि हायपो होतोय हेच ज्यांना जाणवत नाही असं निदान झालेल्यांना बाहेर ठेवलं होतं. त्यांना वगळण्यामागे सुरक्षिततेचा विचार असतो, ते समजतं. पण गॅलरीत कोसळण्याचा धोका सर्वांत जास्त त्यांनाच. पोहता येणाऱ्यांवर लाइफ जॅकेटची चाचणी घ्यावी तसं हे होतं.

अमेरिकेतली डायमंड नावाची २०१७ ची चाचणी बघा. टाइप १ चे, इंजेक्शनं घेणारे १५८ जण, २४ आठवडे. सेन्सरवाल्यांच्या ७० च्या खालच्या वेळेचा मधला आकडा (मीडियन) दिवसाला ४३ मिनिटं, दुसऱ्या गटाचा ८० मिनिटं. जवळजवळ निम्मा. आणि गंभीर हायपो किती जणांना झाला? दोन्ही गटांत दोघा-दोघांना. मिनिटं अर्धी झाली आणि मोठी घटना जिथल्या तिथे. मग सेन्सर निकामी ठरला का? तसंही नाही. गंभीर घटना मुळातच विरळ असते. समजा शंभर जणांत वर्षाला अशा दहा घटना होतात. सहा महिन्यांत पाच. त्या शंभरांचे दोन गट केले तर प्रत्येकी अडीच. या अडीचचे दीड झाले की ते यंत्रानं झालं की नशिबानं, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. म्हणून संशोधक मिनिटांकडे वळतात. मिनिटं भरपूर असतात, फरक पटकन दिसतो, चाचणी स्वस्तात आटोपते. यात लबाडी नाही. जाहिरातीत मिनिटांचा शब्द गळून नुसता 'हायपो' उरतो, तिथे खोट आहे.

मग मिनिटं कमी झाली की मोठ्या घटनाही कमी होतात का? याचं उत्तर, धोका ज्यांना जास्त आहे त्यांच्यावर केलेल्या चाचण्यांतून येतं. जर्मनीत हायपोडीई नावाची चाचणी झाली, निकाल २०१८ चा. तिनं मुद्दाम असे लोक घेतले ज्यांना हायपो जाणवत नाही किंवा आधी गंभीर हायपो होऊन गेलाय. १४९ जण. साखर ५४ किंवा खाली सलग वीस मिनिटं राहिली की एक घटना, असं त्यांनी धरलं. सेन्सरच्या गटात २८ दिवसांतल्या सरासरी घटना १०.८ वरून ३.५ वर आल्या. दुसऱ्या गटात १४.४ वरून १३.७, म्हणजे आकडा जवळजवळ हललाच नाही. हा सेन्सर स्वतःहून गजर देणारा होता.

आणि मामांच्या वयाला सगळ्यात जवळची म्हणजे विझडम ही २०२० ची अमेरिकी चाचणी. ६० वर्षांवरचे, टाइप १ चे २०३ जण, २६ आठवडे. सेन्सरवाल्यांचा ७० च्या खालचा वेळ दिवसाला ७३ मिनिटांवरून ३९ वर आला, दुसऱ्या गटाचा ६८ वरून ७० झाला. मिनिटांचा फरक डायमंडसारखाच वाटतो. पण गंभीर हायपो इथे दुसऱ्या गटात दहा जणांना झाला आणि सेन्सरच्या गटात एकाला. मी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा दोनदा वाचला. तीच अर्ध्या तासाची बचत, पण ज्या अंगाला ती मिळाली ते अंग वेगळं. तिशीतल्या माणसाची साखर ६० ला गेली तर त्याला धडधडतं, हात थरथरतात, तो बिस्किटं शोधतो. सत्तरीत ही धोक्याची घंटा मंद झालेली असते. रक्तदाबासाठी काही प्रकारच्या गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर आणखी दबते, राहतो फक्त घाम. मामींनी सदरा पाहिला ते किती नेमकं होतं हे मला तेव्हा कळलं.

मुका सेन्सर आणि बोलका सेन्सर

या चाचण्यांत एक अडचण आहे. दुसरा गट नुसता बोट टोचणारा असेल तर त्याचे हायपो कमीच सापडणार, कारण कुणी पाहतच नाही. म्हणून त्यांनाही ठरावीक काळ सेन्सर लावतात, पण आकडे झाकलेला. तो गुपचूप नोंदी ठेवतो, घालणाऱ्याला काही दाखवत नाही. मी माझ्या कागदांत त्याला 'मुका सेन्सर' म्हणते. दोन्ही गटांचं माप एकाच फूटपट्टीनं घेतलं गेलं की नाही, हे बघायचं असेल तर अहवालात हा मुका सेन्सर शोधावा.

मामांच्या डॉक्टरांनीही संकष्टीनंतर आधी गोळीचा डोस निम्मा केला आणि मग चौदा दिवसांसाठी मुका सेन्सरच लावला, रोजचं वागणं जसं आहे तसं दिसावं म्हणून. अहवालात ७० च्या खालचा वेळ ३ टक्के आला. भावाला हायसं वाटलं, "चारच्या आत आहे." डॉक्टर म्हणाले, तुमच्या मर्यादेच्या आत आहे, यांच्या नाही. यांना एक. मग त्यांनी पेनानं आलेखावर गोल केले. ३ टक्के म्हणजे दिवसाला ४३ मिनिटं ही झाली सरासरी. प्रत्यक्षात चौदा दिवसांचे मिळून दहा तास होते आणि ते जवळजवळ सगळे तीन-चार संध्याकाळींचे, ज्या दिवशी दुपारचं जेवण वामकुक्षीमुळे राहून गेलं होतं त्या दिवसांचे. इथेही सरासरीनं खड्डा बुजवलाच होता. म्हणून टक्केवारीच्या आधी रोजचा आलेख बघावा, असं माझं मत झालंय. मोठ्या चाचण्यांमध्येही हेच होतं. एकाला रोज रात्री तासभर हायपो आणि पाच जणांना शून्य, तरी गटाची सरासरी दहा मिनिटं दिसते.

नंतर बोलका सेन्सर आला, गजरवाला. चौथ्या रात्री पहाटे तीनला तो ठणाणा ओरडला: ५६. मामींनी धडपडत उठून मामांना जागं केलं. "अहो, उठा, साखर घ्या." मामा उजव्या कुशीवर झोपलेले, सेन्सर उजव्या दंडावर, सगळं वजन त्याच्यावर. साखरेचा चमचा तोंडापाशी असताना मामींना सुचलं की बोट टोचून बघू. आलं ११८. दंड दाबला गेला की तिथला द्रव फिरायचा थांबतो आणि सेन्सरला साखर पडल्यासारखी दिसते. कूस बदलली की थोड्या वेळात आकडा वर येतो. अशी खोटी घट चाचण्यांच्या नोंदींतही मिसळलेली असणार, विशेषतः रात्रीच्या. त्यात कमी साखरेच्या पट्ट्यात सेन्सरची अचूकता मुळातच थोडी कमी असते. म्हणून तज्ज्ञांनी नियम केला की सेन्सरवर हायपोची 'घटना' धरायची तर निदान सलग पंधरा मिनिटं आकडा खाली हवा. एखादी उडी मोजायची नाही.

उलटीही विसंगती आहे. लोकांना सेन्सर लावून त्याच वेळी 'तुम्हाला कधी जाणवलं ते नोंदवा' असं सांगितलं, तर सेन्सरनं पकडलेल्या घटनांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना जाणवल्याच नाहीत. आणि लोकांना जाणवलेल्या बऱ्याच घटनांच्या वेळी सेन्सर ७० च्या वरच होता. हायपो-मेट्रिक्स नावाच्या युरोपातल्या अभ्यासानं हे दाखवलं. म्हणजे आकडा आणि अनुभव ही दोन वेगळी मापं आहेत. एकाला दुसऱ्याच्या जागी बसवता येत नाही. चाचणीनं दोन्ही द्यावीत, आणि गंभीर घटना तिसऱ्या रकान्यात.

सेन्सरचं इतकं कौतुक केल्यावर ब्रिटनमधली एक चाचणी सांगायलाच हवी, नाहीतर मी जाहिरातवालीच ठरेन. हायपोकॉम्पास, निकाल २०१४ चा. हायपो न जाणवणारे टाइप १ चे ९६ जण. काहींना सेन्सर, काहींना बोट टोचणं. काहींना इन्सुलिनचा पंप, काहींना इंजेक्शन. पण सगळ्यांना एकसारखं शिक्षण आणि डॉक्टर-नर्सचा सारखाच पाठपुरावा. गंभीर हायपो दरवर्षी माणशी ८.९ वरून ०.८ वर आले आणि सेन्सर व बोट टोचणाऱ्यांत फरक पडला नाही. तेव्हाचे सेन्सर आजच्याइतके चांगले नव्हते, हे खरं. पण ज्यांना परवडत नाही त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. काही आठवडे हायपो कटाक्षानं टाळले तर हरवलेली जाणीव बऱ्याच जणांत परत येते, हेही याच धाग्यातलं.

मामा या सगळ्यात कुठे बसतात? खरं तर कुठेच नीट बसत नाहीत. वर सांगितलेल्या सेन्सरच्या चाचण्यांतले बहुतेक लोक टाइप १ चे, युरोप-अमेरिकेतले. टाइप २ वर रिप्लेस ही चाचणी आहे, दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्या २२४ जणांवर, आणि तिच्यातही ७० च्या खालचा वेळ ४३ टक्क्यांनी कमी झाला. मामा रोज घेतात एक इंजेक्शन आणि एक गोळी, आणि महिन्यातून एकदा चंद्राची वाट बघतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त लोक आहेत आणि त्यांतले बहुतेक मामांसारखे टाइप २ चेच. ज्यांना फक्त मेटफॉर्मिन ही गोळी चालू आहे त्यांना हायपोचा धोका अगदी थोडा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या, इन्सुलिन, किडनी अशक्त, वय जास्त आणि उपास, हे जुळून आलं की धोका चढतो. या गोळीचा हायपो एकदा साखर देऊन संपत नाही. औषध अंगात असेपर्यंत तो परत येऊ शकतो, म्हणून साखरेनंतर जेवण आणि पुढचे काही तास लक्ष हवंच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट मला मामांच्या गोळीच्या पाकिटावर सापडली. तिच्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज होतं. आपल्याकडे ही तिहेरी गोळी सर्रास दिली जाते. व्होग्लिबोजचं कामच मुळी आतड्यात साध्या साखरेची फोड उशिरा करणं. म्हणजे हायपोत स्वयंपाकघरातली साखर दिली तर ती रेंगाळणार. तिथे ग्लुकोजची पावडरच हवी, ती फोडावी लागत नाही. मामींच्या साखरेच्या पाण्याला उशीर लागला त्यात हाही वाटा असणार. पेढा, बर्फी, चॉकलेट तर नकोच, त्यातल्या स्निग्धानं साखर आणखी अडते. साधारण पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बोट टोचायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच.

भावाला मी शेवटी लिहिलं: पाचाचे तीन होतील असं कुणी तपासलेलं नाही. तपासलंय ते असं की कमी साखरेची मिनिटं घटतात, आणि बाबांच्या वयात त्याबरोबर मोठ्या घटनाही घटल्याचं टाइप १ मध्ये दिसलंय. सेन्सर घ्यावा असं मला वाटतं, पण गजरवाला, आणि गजर ऐकायला कुणीतरी घरात असेल तर. त्याचं उत्तर आलं, "आई आहे ना."

पुढच्या भेटीत मामांनी डॉक्टरांना विचारलं, संकष्टी बंद का? डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं, उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची नाही, इन्सुलिन किती घ्यायचं, आणि आकडा ७० च्या खाली गेला की चंद्राची वाट बघायची नाही. मामांनी ती चिठ्ठी पंचांगात घालून ठेवली. गॅलरीच्या खिडकीत, आरतीच्या तबकाशेजारी, आता ग्लुकोजच्या पावडरीचा डबा असतो. त्याच्यावर पांढरी पट्टी चिकटवून मामींनी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, '३ चमचे', आणि खाली बारीक अक्षरांत, 'आधी बोट टोचा. घाम असेल तर आधी हे'.